स्टीरिओला सबवूफर जोडताना : वाचकांचे प्रश्न

सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर (बास) वाजवणारा स्पीकर. त्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. चर्चा दोन स्पीकरांवर गाणी ऐकणाऱ्यांपुरतीच आहे. सिनेमासाठीच्या पाच-सात स्पीकरांच्या संचाचे गणित वेगळे असते.

प्रश्न : माझ्याकडे पाच इंची वूफर असलेले दोन बुकशेल्फ स्पीकर आणि साधा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘सब आउट’ लिहिलेले सॉकेट कुठेच नाही. तरी सबवूफर जोडता येईल का?

येईल. आधी मागच्या बाजूला ‘प्री आउट’ (व्हॉल्यूमच्या बटणानंतरचा सिग्नल बाहेर देणारे सॉकेट) आहे का ते पाहा. असेल तर दोन आरसीए केबल तिथून सबवूफरच्या डाव्या-उजव्या लाइन इनपुटला लावल्या की काम झाले. ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘टेप आउट’ मात्र वापरू नका. तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच बाहेर पडतो. तुम्ही आवाज कितीही कमी करा, सबवूफर आपल्या जागी तेवढाच वाजत राहील.

प्री आउट नसेल तर ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ इनपुट असलेला सबवूफर घ्या. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या बऱ्याच सबवूफरांना तो असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या ज्या टर्मिनलांवर स्पीकरच्या वायरी आहेत, त्याच टर्मिनलांवरून आणखी एक जोडी सबवूफरकडे न्यायची. स्पीकर जसेच्या तसे राहतात. या इनपुटचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे सबवूफर जवळपास काहीच करंट ओढत नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरवर भार पडत नाही. म्हणूनच जाड वायरचीही गरज नाही, ०.५ किंवा ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरते. जोडणी करताना दोन्ही यंत्रांचे प्लग बोर्डातून काढलेले असू द्या. वायरीचे टोक नीट पिळून घ्या, कारण टर्मिनलाबाहेर आलेली तांब्याची एक तार शेजारच्या टर्मिनलाला टेकली तरी शॉर्ट होतो.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरांत आउटपुट ‘ब्रिज्ड’ असते, म्हणजे लाल आणि काळ्या दोन्ही टर्मिनलांवर सिग्नल असतो; काळे टर्मिनल ग्राउंड नसते. उलट अनेक सबवूफरांत डाव्या-उजव्या हाय लेव्हल इनपुटच्या काळ्या बाजू आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. अशी जोडी नेहमीच्या पद्धतीने जोडली तर अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट शॉर्ट होऊन जळू शकते. मल्टीमीटर असेल तर तपासणी दोन मिनिटांची आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढा, स्पीकरच्या वायरी सोडवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि त्याच्या दोन काळ्या टर्मिनलांमधला रोध मोजा. जवळपास शून्य आला तर दोन्ही एकाच ग्राउंडवर आहेत आणि नेहमीची जोडणी चालते. तसा आला नाही, तर सबवूफरच्या हाय लेव्हल इनपुटवर हीच मोजणी करा. तिथे शून्य आला तर ही जोडी सरळ जोडू नका. काही उत्पादक अशा वेळी फक्त लाल टर्मिनलांवरून वायरी घेऊन काळी वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या खोक्याला लावायला सांगतात. पण आपल्या सबवूफरच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असेल तरच ते करा. नसेल तर उत्पादकाला विचारून घ्या.

केबलबाबत आणखी एक. एका आउटपुटचे दोन करण्यासाठी वाय केबल चालते. डावे आणि उजवे अशी दोन आउटपुट तिने एकत्र करू नका, कारण दोन्ही आउटपुट एकमेकांनाच चालवू लागतात, आवाज विकृत होतो आणि मुख्य स्पीकरांतला डावा-उजवा भेदही पुसट होतो. सबवूफरला एकच लाइन इनपुट असेल तर प्रत्येक वाहिनीत सुमारे १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग त्या एकत्र करा.

प्रश्न : जुन्या पाच स्पीकरांच्या संचातला सबवूफर पडून आहे. त्याला विजेची वायर नाही, फक्त स्पीकरची टर्मिनले आहेत. तो स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरांच्या जोडीने लावू का?

नको. तो पॅसिव्ह सबवूफर आहे, त्याला चालवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ८ ओहमच्या स्पीकरला ४ ओहमचा सबवूफर समांतर जोडला तर अ‍ॅम्प्लिफायरला दिसणारा भार सुमारे २.७ ओहम होतो. किमान ४ ओहमसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यावर तापेल, बंद पडेल किंवा जळेल. शिवाय आत फिल्टर नसेल तर त्यातून गायकाचा आवाजही जाड होऊन येईल. लो पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे सोडणारा) आणि गेनचे, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारे, बटण असलेला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तरच हा सबवूफर उपयोगी पडेल.

प्रश्न : खोली ४.५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. सबवूफर कोपऱ्यात ठेवला आहे. काही गाण्यांत एकच स्वर खोलीभर घुमत राहतो. पण खोलीच्या मधोमध असलेल्या सोफ्यावर बसले की खालचे काही स्वर गायबच होतात. सबवूफर बदलू का?

सबवूफर बदलून काही होणार नाही. तक्रार खोलीची आहे, आणि ती जागा बदलून बरीच सुटते.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने त्याला भागले की त्या दिशेची पहिली अनुनाद वारंवारता मिळते. तुमच्या खोलीत लांबीच्या दिशेला ती ३८ हर्ट्झ, रुंदीच्या दिशेला ४९ आणि उंचीच्या दिशेला ५७ हर्ट्झ येते. चार तारांच्या बास गिटारवर सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची असते आणि त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर बरोबर ४९ हर्ट्झचा. वादकाने तो स्वर छेडला की तुमची खोली त्याला साथ देते आणि तो संपल्यावरही क्षणभर घुमत राहते. घुमणारा स्वर बहुधा हाच. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिन्ही दिशांचे अनुनाद पूर्ण ताकदीने जागे करतो. म्हणून तिथे बास सर्वांत मोठा येतो आणि सर्वांत ओबडधोबडही.

सोफ्याचे कोडे त्याच गणितात आहे. पहिल्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य असतो. लांबीच्या मध्यावर बसलात तर ३८ हर्ट्झच्या आसपासचे काहीच कानावर पडणार नाही. सोफा पुढे किंवा मागे ५०-६० सेंटिमीटर सरकवा. मागच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्के, म्हणजे तुमच्याकडे १.७ मीटर, ही सुरुवातीला धरायला चांगली जागा. मग तिथून थोडे पुढेमागे करून पाहा.

आता सबवूफरची जागा. यासाठी जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमचे डोके जिथे असते त्याच्या जितक्या जवळ ठेवता येईल तितका ठेवा. बास गिटारची चढत-उतरत जाणारी चाल असलेले गाणे किंवा २० ते १०० हर्ट्झचा सरकता टोन लावा. मग सबवूफर ठेवता येईल अशा प्रत्येक जागी जाऊन कान त्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीलगत न्या आणि ऐका. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने येतात, एकही पुढे उडी मारत नाही आणि एकही गळत नाही, ती जागा खूण करून ठेवा आणि सबवूफर तिथे आणा. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमते. सर्वांत जास्त बास येणारी जागा निवडण्याचा मोह होईल, तो टाळा. कमी पडलेला जोर गेनच्या बटणाने भरून काढता येतो. गळलेला स्वर कोणत्याही बटणाने परत येत नाही.

तुमच्या खोलीत पहिला प्रयोग ३.५ मीटरच्या भिंतीच्या मध्यावर करा. रुंदीच्या दिशेचा ४९ हर्ट्झचा अनुनाद तिथून जागाच होत नाही. ३८चा राहील, त्याला सोफ्याच्या जागेने आवरायचे.

जाड पडदे आणि गालिचे याला औषध नाहीत. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून जास्त असते; काही सेंटिमीटर कापड तिला अडवत नाही. इक्वलायझर असेल तर त्याने फक्त उंचवटे खाली आणा. खड्डा भरायला जोर वाढवला तर अ‍ॅम्प्लिफायर आणि शंकू दमतात आणि खड्डा तसाच राहतो.

प्रश्न : माझ्या स्पीकरांच्या माहितीपत्रकावर ‘६० हर्ट्झपासून’ असे लिहिले आहे. सबवूफरवर क्रॉसओव्हर, फेज आणि गेन अशी तीन बटणे आहेत. कोणते किती ठेवायचे?

आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी जागा, मग क्रॉसओव्हर, मग फेज, शेवटी गेन. क्रॉसओव्हर हलवला की फेज आणि गेन पुन्हा पाहायचे.

तुमचे स्पीकर पूर्ण सिग्नलवर चालणार असतील तर सबवूफरने फक्त त्यांच्या खालचा भाग उचलायचा आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या वारंवारतेच्या खाली सबवूफर वाजतो ती सीमा, ५० ते ६० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. स्पीकर ६० हर्ट्झला एकदम थांबत नाहीत, हळूहळू उतरत जातात, आणि भिंतीजवळ असले तर खोली त्यांना आणखी आधार देते. म्हणून सबवूफर १०० किंवा १२०वर ठेवला की दोघेही तोच पट्टा वाजवतात आणि आवाज फुगतो. शिवाय ८०-१०० हर्ट्झच्या वर गेले की आवाज कुठून येतोय हे कानाला कळू लागते. पुरुष गायकाचा खर्ज जमिनीवरच्या खोक्यातून येतोय असे वाटले तर क्रॉसओव्हर चढा आहे.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरांचा खालचा भाग कापण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा आणि ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या वारंवारतेला काढायचा तर शंकूला चौपट हलावे लागते. ४० हर्ट्झचे हे काम पाच इंची वूफरच्या अंगावरून काढून घेतले की त्याचा मधला पट्टाही मोकळा आणि स्वच्छ होतो. अशा वेळी सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर शेवटपर्यंत चढवा किंवा ‘एलएफई’ इनपुट (ज्यात सबवूफरचा स्वतःचा फिल्टर वगळला जातो) वापरा. नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात आणि मध्ये पोकळी पडते.

फेज म्हणजे सबवूफर आणि स्पीकर एकाच वेळी पुढे ढकलतात की एक पुढे असताना दुसरा मागे जातो, याचा हिशेब. सबवूफर स्पीकरांपेक्षा १ मीटर मागे असेल तर त्याचा आवाज सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ६० हर्ट्झवर हा फरक जवळजवळ ६३ अंशांचा होतो. क्रॉसओव्हर जिथे ठेवला तेवढ्याच हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात लावा आणि नेहमीच्या जागी बसा. दुसऱ्या कुणालातरी ० आणि १८० असे बदलायला सांगा. ज्यात आवाज मोठा, ते बरोबर. फिरणारे बटण असेल तर युक्ती उलटी करा. दोन्ही स्पीकरांच्या लाल-काळ्या वायरी, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, तात्पुरत्या अदलाबदल करा आणि टोन सर्वांत क्षीण होईल तिथे बटण थांबवा. मग वायरी पूर्ववत करा. कानाला सर्वांत मोठा आवाज नेमका पकडता येत नाही, पण आवाज बुडाल्याचे लगेच कळते. हाय लेव्हलने जोडले असेल तर वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडे न बदलता स्पीकरांच्या टोकाला बदला, नाहीतर घोटाळ्याने सबवूफरच्या वायरीही उलटतील.

गेन ठरवताना मोबाइलवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपवर डोळे मिटून विसंबू नका. पुष्कळ अ‍ॅप ‘ए’ वेटिंगवर (वेगवेगळ्या वारंवारतांना कमी-जास्त वजन देण्याची एक पद्धत) मोजतात, आणि ते ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल कमी दाखवते. त्यावर भरोसा ठेवून गेन वाढवत गेलात तर भिंती थरथरतील. ‘सी’ वेटिंग निवडा, त्यात ३१.५ हर्ट्झलाही घट फक्त ३ डेसिबलची असते. फोनचा माइकही खालच्या पट्ट्यात अनेकदा कमी पडतो. नेमके मोजायचे तर यूएसबीवर चालणारा, कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा मापनाचा माइक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. प्रत्येक जागेचा आलेख समोर दिसला की अंदाज संपतात.

कानाने करायचे तर गेन शून्यावरून हळूहळू वाढवा. सबवूफर आहे हे जाणवू लागले की थोडा मागे घ्या. मग गाणे चालू असताना तो बंद करून पाहा. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली तर जमले. ही परीक्षा एकाच गाण्यावर घेऊ नका. बासचे ध्वनिमुद्रण प्रत्येक गाण्यात वेगळे असते आणि एकाला जुळवलेला गेन दुसऱ्याला जड होतो. आणि आवाज नेहमी ऐकता तेवढाच ठेवून जुळवा, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात.

प्रश्न : सबवूफर जोडल्यापासून सतत ‘हूं’ असा आवाज येतो.

सबवूफर चालू ठेवून, गेन शून्यावर आणून त्याच्या सिग्नलच्या केबल काढा आणि मग गेन पूर्वीइतका करा. आवाज तसाच राहिला तर दोष सबवूफरच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा. तो दुरुस्तीला द्या. थांबला तर बहुधा ग्राउंड लूप आहे. दोन यंत्रे अर्थिंगला वेगवेगळ्या वाटांनी जोडलेली असली की केबलच्या जाळीतून विजेच्या वारंवारतेचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा, प्रवाह वाहतो आणि सबवूफर तो इमानाने वाजवतो.

पहिला उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावणे. तरीही राहिला तर टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्सला येणारी अँटेना-केबलची तार काढून पाहा. दोषी पुष्कळदा तीच असते, आणि तिच्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (विजेचा थेट संपर्क तोडून सिग्नल पुढे देणारा) मिळतो. शेवटचा उपाय लाइन सिग्नलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तो चांगल्या प्रतीचा घ्या, हलका ट्रान्सफॉर्मर नेमके सर्वांत खालचे स्वरच खातो. सबवूफरला दोनच पिनांचा प्लग असेल तर कधी कधी उलटी गोष्ट होते, समाईक ग्राउंडच नसते. त्याच्या मागच्या पत्र्याच्या स्क्रूपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ लिहिलेल्या टर्मिनलापर्यंत साधी वायर लावून पाहा.

प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका, टेपने झाकूही नका. आवाज जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर धातूच्या खोक्यात वीज उतरेल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

प्रश्न : रात्री हळू आवाजात ऐकताना सबवूफर मध्येच बंद पडतो.

तो ‘ऑटो’वर आहे आणि येणारा सिग्नल त्याच्या उंबरठ्याखाली राहतो. बटण ‘ऑन’वर ठेवा. तशी सोय नसेल आणि एकच केबल वापरत असाल तर वाय केबलने तोच सिग्नल डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटना द्या. दोन्हींची बेरीज करणाऱ्या सबवूफरमध्ये तो सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मग गेन तेवढा कमी करा.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेअर लावला की सबवूफरचा शंकू ऐकू न येताच आत-बाहेर हलतो. आवाज वाढवला की घुमारा सुरू होतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंकू हलतो तो रेकॉर्डच्या वाकडेपणामुळे. वाकलेल्या चकतीचा सिग्नल १० हर्ट्झच्या खालचा असतो, आणि टोनआर्म (सुईचा दांडा) व कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) यांचा अनुनादही साधारण ८ ते १२ हर्ट्झला असतो. ऐकू काहीच येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायरची ताकद त्यात जाते. पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर सोडणारी नळी) असलेल्या सबवूफरला हे जास्त बाधते, कारण पोर्टच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे तो ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिच्याखाली, शंकूला खोक्यातल्या हवेचा आधार उरत नाही. फोनो प्रीअ‍ॅम्पवर ‘सबसॉनिक’ फिल्टर असेल तर चालू करा, नसेल तर २० हर्ट्झच्या आसपास कापणारा वेगळा घ्या.

घुमारा म्हणजे सबवूफरची थरथर सुईपर्यंत पोचून पुन्हा सबवूफरमधून बाहेर पडणे. रेकॉर्ड प्लेअर सबवूफर असलेल्या मेजावर किंवा त्याच फळ्यांच्या लाकडी जमिनीवर नको; पक्क्या भिंतीतली फळी उत्तम. कोपऱ्यात बास साचतो, तिथेही प्लेअर ठेवू नका. तपासायचे तर चकती न फिरवता सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. नेहमीच्या पातळीच्या आधीच गुरगुर सुरू झाली तर जागा चुकीची आहे.

प्रश्न : बारा इंची एक घ्यावा की आठ इंची दोन?

एकट्यानेच, एकाच खुर्चीत बसून ऐकत असाल आणि सबवूफरला चांगली जागा मिळत असेल, तर एक मोठा पुरतो. दोन-तीन जण शेजारी बसत असतील तर दोन घ्या. शंकूच्या क्षेत्रफळात दोन आठ इंची मिळून एका बारा इंचीच्या थोडेच मागे राहतात. खऱ्या अर्थाने खोल, २०-२५ हर्ट्झच्या स्वरांत मात्र मोठाच सरस ठरतो. दोघांचा फायदा जोराचा नाहीच, समानतेचा आहे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की त्या दिशेचा पहिला अनुनाद दोघे मिळून रद्द करतात आणि सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बास फारसा बदलत नाही. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी आयताकृती खोल्यांसाठी याचा पद्धतशीर अभ्यास २००२ मध्ये मांडला, आणि भिंतींच्या मध्यावरची ही मांडणी त्यात चांगली ठरली.

दोन्ही सबवूफर शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. बंद खोक्याचा एक आणि पोर्टचा एक अशी जोडी लावू नका. ट्यूनिंगच्या आसपास त्यांचे फेज जुळत नाहीत आणि काही स्वर एकमेकांना खातात. आधी एकेकटा वाजवून बसण्याच्या जागी दोघांची पातळी सारखी करा, मग दोन्ही चालू करून दोघांचे गेन सारखेच, साधारण ६ डेसिबलपर्यंत, खाली आणा. फेजची जुळणी त्यानंतर दोन्ही एकत्र वाजत असतानाच करायची.